दोन बिऱ्हाडं आणि साडेपाच तास

तीर्थरूप म्हटलं तर तुम्ही रागावता आणि नुसतं 'प्रिय' लिहायला माझा हात धजत नाही, तेव्हा मधला मार्ग म्हणून: माझ्या एकुलत्या एक वन्संना भावजयीचा मनापासून नमस्कार.

('वन्सं' म्हटलं की आपले केस जागच्या जागी पांढरे होतात, असं तुम्ही मला मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण दुसरं काही म्हणायला गेले की मी कोणा परक्या बाईला पत्र लिहितेय असं वाटायला लागतं. तेव्हा एवढं चालवून घ्या. मी तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान, म्हणजे माझेही काही फार काळे राहिलेले नाहीत.)

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? खोकल्याचं औषध पुरं घेतलंत, की बरं वाटायला लागल्याबरोबर बाटली कपाटात गेली? (तुमच्या भावाकडे पाहून विचारते आहे. सवय घराण्यातली असावी.) आमच्याकडे सगळं ठीक. 'ठीक' हा शब्द मी जपून लिहिला आहे. दर रविवारी दुपारी एक वाजता तुमचा फोन येतो. तुम्ही विचारता, "बाबा कसे आहेत?" तुमचे बंधुराज म्हणतात, "ठीक." तुम्ही म्हणता, "बरं." बाबा तेव्हा जेवून आतल्या खोलीत आडवे झालेले असतात. तुम्ही त्या बसमध्ये बसून गेलात त्याला आता सहा वर्षं होतील, आणि ही सहा वर्षं बापलेकीचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर चालला आहे. एवढ्या कमी शब्दांत काम भागवणारं एक तार खातं होतं, तेही बंद पडलं.

आता फोन असताना हिने कागदाला हात का घातला, असं तुमच्या मनात आलंच असेल. कारण इतक्या लांबचा फोन लागतो तो बाहेरच्या खोलीतून आणि बाहेरच्या खोलीत बाबा आहेत. शिवाय तक्रार संगणकाबद्दल आहे. ती संगणकावर बसून लिहायची म्हणजे सासूचं गाऱ्हाणं सासूच्या मांडीवर बसून सांगण्यासारखं.

तर पत्रास कारण, आपला जुना संगणक. तुम्हाला आठवत असेल ते बाबांचं दुकानातलं टेबल, ज्याला स्क्रू घरंगळू नयेत म्हणून चारी कडांना बोटभर उंच पट्टी मारलेली आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांनी दुकान बंद केलं तेव्हा बाकी सगळं देऊन टाकलं. ते टेबल, त्यावरचा संगणक आणि लोक न्यायलाच न आलेल्या घड्याळांचा एक खण एवढं घरी आलं. संगणकात तुम्ही बारा वर्षांपूर्वी सुटीत बसून बाबांना करून दिलेली 'घड्याळांची वही' आहे. क्रमांक, ग्राहक, दोष, घेतलं कधी, तयार कधी, दिलं कधी, शेरा. आणि दर तासाला मधोमध उगवणारी ती चौकटही अजून आहे: 'बाबा, पाठ सरळ केलीत का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नंतर'. डोळ्याला भिंग लावून बाबा तासन्‌तास वाकून बसत म्हणून तुम्ही ती घातली होतीत. मी त्यांना 'हो' दाबताना एकदाही पाहिलेलं नाही. रोज सकाळी आठ ते दहा ते ही वही उघडून बसतात, खणातल्या सदतीस घड्याळांपैकी एक काढून चावी देतात आणि त्याच्या मालकाला फोन लावतात. निम्मे क्रमांक बंद आहेत. परवा एक गृहस्थ सापडले, तर त्यांनी विचारलं, "कुठलं घड्याळ हो?" त्या दिवशी बाबा नीट जेवले नाहीत.

सकाळी दहानंतर तेच यंत्र माझं. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते हे तुम्हाला माहीतच आहे. (दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा धंदा असलेली सून आणि दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणं हा धंदा असलेले सासरे एका छपराखाली राहतात, तरी घर टिकून आहे, याचं श्रेय मी मधल्या दाराला देते.) तर वर्षाच्या सुरुवातीला आमच्या प्रकाशकांनी कळवलं की यापुढे कामं नव्या पद्धतीने येतील, आणि आमच्या संगणकातली जुनी प्रणाली ती उघडेना. मी जेवताना सहज म्हटलं, जुनी काढून नवी घालून घेऊ. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "हो ना. मग जुन्याबरोबर मलाही काढा." तुमची वही नव्या प्रणालीत चालणार नव्हती, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

इथे तुमच्या बंधुराजांनी तोडगा काढला. एकाच यंत्रात जुनी आणि नवी दोन्ही ठेवता येतात, चालू करताना विचारणा होते की आज कोणती, आपण बोट दाखवायचं. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस अर्ध्या तासात 'हे अगदी सोपं आहे' असं अकरा वेळा म्हणाला. (मोजणं हा माझा दोष.) रविवारी सकाळी हे बाह्या सरसावून बसले. साडेतीन तासांनी काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली, तिचा अर्थ असा की या यंत्रात सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. ना जुनी, ना नवी. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात, तसं. हे म्हणाले, "बहुतेक थोडंसं काहीतरी राहिलंय." बाबा उठून आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसले.

तसे ते सहा दिवस बसले, वन्सं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंग लावून यंत्राचं झाकण उघडलं, आतली धूळ सुईच्या टोकाने काढली, एकही स्क्रू न हरवता पुन्हा लावलं. आतून टिकटिक येत नाही म्हणून त्यांना निदान करता येईना. मी चहा नेऊन दिला की निवायचा. एकदा म्हणाले, "चार हजार एकशे बारा नोंदी होत्या." मी म्हटलं, "आहेत बाबा, कुठे जाणार?" ते म्हणाले, "घड्याळ हरवलं तर दुसरं मिळतं. नोंद कुठून आणायची?" तुमच्या बंधुराजांनी त्या आठवड्यात ऑफिसात जास्तीचं काम मागून घेतलं.

सातव्या दिवशी मी जिन्याखालच्या बाईंना गाठलं. चौकातल्या इमारतीच्या जिन्याखाली, जिथे फार तर दोन सायकली मावतील, तिथे या बाईंचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि यंत्रांविषयी अशा बोलतात की जणू सगळे त्यांचे भाडेकरू. टेबलावर आमचा डबा ठेवला, दहा मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाल्या, "यजमानांनी पुसलेलं काहीच नाही. नुसती दारावरची पाटी काढून ठेवलीय. आत माणसं आहेत, त्यांना वाटतंय बाहेरचं जग संपलं." पाटी लावली. जुनी सुरू झाली. बाबा मला न सांगता मागोमाग आले होते, ते तेव्हा मला कळलं, कारण माझ्या खांद्यावरून कोणीतरी मोठा श्वास सोडला. बाई म्हणाल्या, "शेवटची नोंद उघडून खात्री करून घ्या." बाबांनी पुढे होऊन वही उघडली, क्षणभर वाचलं आणि पडदा अलगद स्वतःकडे वळवून घेतला. "आहे, सगळं आहे." दुकान एवढंसं की पडदा वळवला तो भिंतीलाच टेकला.

मग नवीचं बिऱ्हाड थाटायचं ठरलं. बाईंनी आम्हा दोघांना स्टुलांवर बसवून समजावलं. एका घरात दोन चुली. मध्ये भिंत. जुनी आधीपासून राहते आहे हे बरं, कारण नवी मागाहून आली की अदबीने विचारते, इथे कोण राहतं, आणि तिची सोय ठेवते. उलट जुनीला मागाहून आणलं तर ती येते आणि आपल्याआधी इथे कोणी होतं हेच विसरते, यादीतून दुसरीचं नावच उडवते. (मी बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाई मात्र आम्हा दोघांकडे पाहत होत्या.) आता जागेची वाटणी. बाई म्हणाल्या, जुनीला चौथा हिस्सा पुष्कळ झाला. बाबा म्हणाले, "निम्मा." मी म्हटलं, "बाबा, वही एवढीशी आहे." ते म्हणाले, "प्रश्न वहीचा नाही. आधी आलेल्याचा मान असतो." शेवटी तिसऱ्या हिश्श्यावर तडजोड झाली. भावाभावांच्या जमिनीच्या वाटण्या मी पाहिल्या आहेत, पण न दिसणाऱ्या जागेवरून इतकी घासाघीस पहिल्यांदाच.

पुढचा वाद यादीवरून. यंत्र सुरू केलं की दोन ओळी येतात, वर नवी, खाली जुनी, आणि तीस सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात तुम्ही काही ठरवलं नाहीत तर यंत्र आपणहून वरचीत शिरतं. बाबांनी आधी स्टॉपवॉच लावून ते तीस सेकंद तपासले (तीस पूर्णांक चार भरले, बाईंचा चेहरा पडला), आणि मग चष्मा पुसून, ओळी वाचून, बाणाचं बटण शोधून ते दाबेपर्यंत प्रत्येक वेळी नवीत जाऊन पडायला लागले. चौथ्यांदा पडल्यावर म्हणाले, "मी कितीही वेळ थांबायला तयार आहे. पण मी थांबलोय म्हणजे मी कंटाळलोय, असं दुसऱ्याने परस्पर ठरवायचं नाही." बाईंनी मोजणीच काढून टाकली. आता ती यादी तुम्ही बोट दाखवेपर्यंत तशीच उभी राहते. तासभर, दिवसभर. मला सकाळी घाईत वैताग येतो, पण तुम्हाला खरं सांगते, त्या दोन ओळींपुढे मीही कधीकधी उगाच थांबते. लग्न होऊन दहा वर्षं झाली, आणि कोणती 'मी' सुरू करायची हे इतक्या शांतपणे मला कोणी विचारलेलं नाही.

इथवर सगळं छान झालं आणि मग घड्याळ बिघडलं.

आपल्या घरात चौदा घड्याळं भिंतीला आहेत हे तुम्ही जाणताच, आणि त्यातलं एकही बरोबर नसतं हेही. कोणी तपासणीला, कोणी निगराणीखाली, एक तर बाबांच्या मते 'अजून स्वभाव दाखवतंय'. त्यामुळे घरातली माणसं वेळ पाहायला संगणकाकडे जातात. (माझा मोबाइल कामाच्या वेळी स्वयंपाकघरात फडताळात असतो. जवळ ठेवला तर मी मुद्रितं सोडून सगळं वाचते.) तर नवी बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दहाला यंत्र उघडलं आणि कोपऱ्यात दुपारचे साडेतीन वाजलेले. मला वाटलं, माझ्याच हातून काही झालं. गुपचूप काटे मागे घेतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीन. पुन्हा गुपचूप. असं रोज. बाबांना सांगावं तर ते म्हणतील, बघा, म्हणून म्हणत होतो नवी नको. मी नाही सांगितलं.

बैठकीच्या दिवशी मात्र घड्याळ नीट करायचं राहून गेलं. संपादकांबरोबर पडद्यावरची बैठक होती, दुपारी साडेचारला. मी भूमितीच्या पुस्तकात बुडालेली, आभाळ भरून आलेलं, बाहेर उजेड असा की सकाळ म्हणा नाहीतर संध्याकाळ. यंत्राने सांगितलं, बैठकीला दहा मिनिटं. माझी तारांबळ. केस विंचरले, कमरेच्या वर माणसांत जाण्यासारखं काहीतरी घातलं, जाऊन बसले. चाळीस मिनिटं मी माझ्याच तोंडाकडे पाहत होते. (आपण ऐकत असताना आपला चेहरा कसा दिसतो ते पाहायची वेळ येऊ नये. मी सबंध आयुष्य लोकांकडे 'यांचं काय चुकलं' अशा नजरेने पाहत आले आहे, हे मला चौथ्या दशकात कळलं.) शेवटी मी संपादकांना अत्यंत सभ्य आणि अत्यंत थंड पत्र पाठवलं, की वेळ देऊन न येणं आमच्या धंद्यात बसत असेल, माझ्या स्वभावात बसत नाही. त्यांना ते सकाळी पावणेबाराला मिळालं. अजून व्हायच्या बैठकीला ते आले नाहीत म्हणून मी रागावले होते, आणि पत्रावर वेळ होती संध्याकाळी सव्वापाचची. त्यांचा लगेच फोन आला. आधी दोन मिनिटं नुसते हसले, मग काळजीने विचारलं, "ताई, बरं आहे ना सगळं?"

त्या रागात दुसऱ्या दिवशी मी दहाऐवजी साडेनवालाच बाहेरच्या खोलीत गेले. बाबा जुनीत होते, आणि माझ्यासमोर त्यांनी घड्याळाचे काटे साडेपाच तास पुढे केले.

"बाबा! तुम्ही करता हे?"

"म्हणजे? मी दुरुस्त करतोय. रोज सकाळी साडेपाच तास मागे पडलेलं असतं."

"मी दुरुस्त करते! रोज दहाला साडेपाच तास पुढे असतं!"

तीन आठवडे, वन्सं. तीन आठवडे मी त्यांचं घड्याळ बिघडवत होते आणि ते माझं, आणि दोघांनीही दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तोंड उघडलं नव्हतं. दोन माणसं इतकी समजूतदारपणे वागली की घड्याळ वेडं व्हायची वेळ आली. बाबांनी चक्क एक कागदी वही ठेवली होती, रोजची नोंद, आणि खाली निदान: 'बिघाड नव्हे. बिघडलेलं घड्याळ असं नेमकं साडेपाच तास चुकत नाही, ते कधी तीन मिनिटं, कधी सात चुकतं. कोणाचा तरी हात आहे.' संशयित म्हणून तुमच्या भावाचं नाव होतं. ते त्यांनी माझ्यासमोर एका सरळ रेघेने खोडलं. (मग निम्मं पुन्हा लिहिलं, कारण आठवलं की नवीने नेटवरून आपोआप वेळ घ्यायची सोय व्हिडिओ बघून ह्यांनीच बंद करून ठेवली होती.)

बाई आल्या. म्हणाल्या, यंत्राच्या पोटात घड्याळ एकच. जुनी समजते, पोटात दिसते तीच इथली वेळ. नवी समजते, पोटात जगाची म्हणून ठरलेली वेळ ठेवायची आणि इथली आपण बेरीज करून सांगायची. दोघी प्रामाणिक आहेत, फक्त एकमेकींशी बोलत नाहीत. दोन मिनिटांचं काम, एकीला सांगून टाकते. बाबांनी विचारलं, "ती जगाची वेळ म्हणजे नेमकी कुठली? कुठेतरी खरीच तेवढे वाजलेले असतील ना?" बाईंनी चार-पाच गावांची नावं घेतली. बाबा म्हणाले, "हं." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. बाबा म्हणाले, "राहू द्या."

"अहो, जुनीत कायम साडेपाच तास मागे दिसेल."

"दिसू दे."

"आजोबा, तुम्ही घड्याळजी ना?"

"होतो," बाबा म्हणाले, आणि बाईंना चहा विचारला.

झालं. तेव्हापासून माझ्या नवीत वेळ बरोबर, त्यांच्या जुनीत साडेपाच तास मागे, आणि त्याला हात लावायचा नाही असा हुकूम. पन्नास वर्षं लोकांच्या मनगटावरच्या एका मिनिटासाठी भांडलेला माणूस साडेपाच तासांची चूक मांडीवर घेऊन बसला आहे. तुमचे बंधुराज म्हणतात, वय झालं. मी फक्त रोज सकाळी चालू करताना त्या दोन ओळींपुढे उभी राहते.

तेव्हा वन्सं, एवढ्या लांबणीनंतर विनंती लहानशीच आहे. ती 'घड्याळांची वही' नव्या प्रणालीत चालेल अशी करून पाठवाल का? तुम्हाला एका रविवारचं काम. म्हणजे जुनीचं बिऱ्हाड उठवता येईल, यादी जाईल, एकच घड्याळ राहील आणि मला जागाही मिळेल. बाबांना मी समजावीन.

गुडघ्याला शेक द्या. औषध पुरं घ्या.

तुमची भावजय

ता. क. वर लिहिलेली विनंती रद्द. वही करून पाठवू नका. काल मी बाबांना विचारलं, "इतकी वर्षं झाली, एकदा तरी 'हो' का दाबत नाही? पाठ तर तुम्ही आता सरळच ठेवता." ते म्हणाले, "'हो' म्हटलं की ती दिवसभर पुन्हा विचारत नाही. 'नंतर' म्हटलं की तासाने येते." मी तुमचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, तुम्ही तसंच केलेलं आहे. नवी करायला बसलात तर हे कुठून आणाल?

ता. क. २. हे मी लिहिणार नव्हते. बाबा फिरायला गेले असताना मी ती शेवटची नोंद वाचली, जिच्यासाठी त्यांनी पडदा वळवून घेतला होता. चुका शोधायची सवय वाईट. ती नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर तीन वर्षं दुकान चाललं, पण पुढच्या सगळ्या नोंदी त्यांनी कागदी डायरीत केल्या. तुमच्या वहीत त्या दिवसानंतर एक अक्षर नाही. जशीच्या तशी उतरवते ('आस' म्हणजे आतल्या चाकाची केसाएवढी दांडी, हे मला आता कळलं):

'क्रमांक ४११२. ग्राहक: थोरली. दोष: बॅलन्सचा आस तुटला. घेतलं: सकाळी ६.१०. तयार: ९.१८. दिलं: –. शेरा: गाडी ९.३०. पोचलो ९.४१.'

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतंत आणि म्हणाला होतात, "बंद पडलंय. आता तिकडे गेल्यावर नवंच घेईन." ते त्यांनीच तुम्हाला दिलेलं, तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा. तुम्ही घर सोडून परदेशी चाललात म्हणून ते चार दिवस बोलले नव्हते, आणि त्या एका वाक्यापलीकडे तुम्हीही नव्हतात. दुसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर मी तुमच्या शेजारी उभी होते. आपण दोघी रस्त्याच्या वळणाकडे पाहत होतो, बस हलली, तुम्ही म्हणालात, "नाही आले ना शेवटी?" मी म्हटलं, "राग आहे, जाईल." आपलं दोघींचंही वाचन चुकलं, वन्सं. राग नव्हता, आस बसत नव्हता. आणि मी घरी परतताना ते कुठल्या रस्त्याने धावत गेले असतील, मला दिसलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घड्याळजी अकरा मिनिटं उशिरा पोचला, हे तो कोणाला सांगणार?

ता. क. ३. खणात सदतीस घड्याळं आहेत असं मी वर लिहिलं, त्यातलं एक तुमचं. छत्तिसांना पाळीने महिन्या-सव्वामहिन्यातून एकदा चावी मिळते, या एकाला रोज. बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी बाबांनी ते काढलं, जुनी सुरू केली आणि कोपऱ्यातल्या वेळेशी लावून ठेवलं. बाईंनी सांगितलेल्या गावांत तुमचं गाव होतं. तेव्हा तुम्ही उठलात का, जेवलात का, कामावरून परतलात का, हे या घरात सध्या एका माणसाला सेकंदासह माहीत असतं. तुम्ही मात्र रविवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करता, आमच्याकडे एक वाजतो आणि ते झोपलेले असतात. तुम्ही मुद्दाम ती वेळ धरता असं त्यांना वाटतं. ते मुद्दाम उठत नाहीत असं तुम्हाला वाटतं. आता येत्या रविवारी तुमच्या सकाळी साडेदहाला करा. इथे चार वाजलेले असतील. चारला ते हल्ली जुनी उघडून बसतात, पुढ्यात खण आणि हाताशी फोन. मी ह्यांना घेऊन भाजी आणायला जाते. भाजीला तासभर लागतो असं मी आत्ताच ठरवलं आहे.

ता. क. ४. बोलताना माझं नाव काढू नका. मी तुम्हाला फक्त संगणकाबद्दल लिहिलं होतं. आणि बाबा जर म्हणालेच की, "कोण बोलतंय? थांब, जरा पाठ सरळ करतो," तर त्यांना थोडा वेळ द्या. ती मोजणी आम्ही काढून टाकली आहे.